पडद्यावरचा बाण कोणाचा?

रविवारी रात्रीचे नऊ. डोंबिवली पूर्वेतल्या एका इमारतीचा तिसरा मजला. जेवणं उरकली आहेत. बाबा संगणकासमोर बसलेत, आई मागच्या खुर्चीवर, फोन स्पीकरवर. न्यू जर्सीत त्या वेळी सकाळ असते. तिकडून मुलगा सांगतो, "बाबा, आता माऊसवरून हात काढा. मी करतो." आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो. रक्ततपासणीचा अहवाल उघडतो, अक्षरं मोठी होतात, मेडिक्लेमच्या अर्जात बिलं जोडली जातात. बाबा कौतुकाने बघत राहतात. पोरगा दोन वर्षांत घरी आलेला नाही, पण दर रविवारी तो असा अर्धा तास घरात असतो.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा फोन वाजतो. या वेळी आवाज अनोळखी असतो. "महावितरणमधून बोलतोय. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल." बाबा गडबडतात. बिल तर भरलंय. "भरलंय ना, मग काळजी नको. फक्त अपडेट करू. एक अ‍ॅप घ्या आणि त्यावरचा नंबर वाचून दाखवा." बाबांना ही पद्धत माहीत आहे. मुलगाही असाच नंबर विचारतो. ते नंबर वाचून दाखवतात. बाण पुन्हा हलू लागतो.

हे कोण्या एका घरात घडलेलं नाही. डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या अनेक घरांतल्या सवयी एकत्र करून उभं केलेलं हे घर आहे. निवृत्त नवरा-बायको, मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात, पेन्शन आणि ठेवी बँकेत, आणि मुलाने मागच्या भेटीत बसवून दिलेला संगणक. रविवारचा बाण आणि मंगळवारचा बाण एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरने हलतो. म्हणून प्रश्न सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हा नाही. बाण कोणाचा, हा आहे. आणि मंगळवारचा बाण चोराचा होता हे कळल्यानंतरच्या पहिल्या तासात घरात काय घडतं, यावर पैसे आणि प्रकृती दोन्ही अवलंबून असतात.

लांबचा हात

दुसऱ्या गावातल्या संगणकावर इथे बसून काम करायची कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकी संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सभागृहात प्रात्यक्षिक दाखवलं. माऊस जगाने जाहीरपणे पाहिला तो त्याच दिवशी. संगणक मात्र त्या सभागृहात नव्हता. तो मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत होता, सुमारे ४८ किलोमीटर लांब. डोंबिवलीहून सीएसएमटी जितकं दूर आहे, साधारण तितकंच. तिकडे बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एंगेलबार्टने एकाच पडद्यावर काम करून दाखवलं.

सर्वसामान्यांच्या घरात ही सोय यायला आणखी तीन दशकं लागली. १९९८ मध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने व्हीएनसी नावाचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर रिमोट डेस्कटॉप आलं. पुढे टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क अशी नावं घराघरांत पोहोचली.

आत काय चालतं, ते समजून घ्यायला अवघड नाही. घरातल्या संगणकाच्या पडद्याचं चित्र लांबच्या संगणकाकडे जातं. पूर्ण चित्र दर वेळी जात नाही, जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवला जातो. तिकडून उलट दिशेने येतात ते फक्त माऊसचे आणि कीबोर्डचे इशारे. फाइल घरातच असते, काम घरातलाच संगणक करतो, फक्त हात लांबचा असतो.

घरातल्या राउटरमुळे बाहेरचा माणूस सहसा थेट आत शिरू शकत नाही. त्यामुळे अशी बहुतेक सॉफ्टवेअर मध्यस्थ ठेवतात. दोन्ही संगणक आपापल्या बाजूने कंपनीच्या सर्व्हरशी जोडले जातात आणि तो सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. नऊ-दहा आकड्यांचा जो नंबर विचारला जातो, तो या गाठीसाठी असतो. सोसायटीच्या वॉचमनला फ्लॅट नंबर सांगावा तसा. नुसत्या नंबरने दार उघडत नाही. त्यानंतर पडद्यावर येणाऱ्या 'परवानगी द्या' या बटणाने उघडतं. वॉचमन पाहुण्याला दारापर्यंत आणून सोडतो, कडी मात्र घरातलाच माणूस काढतो.

डोंबिवलीकरांना या सोयीची खरी किंमत २०२० मध्ये कळली. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. सर्व प्रवाशांसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याही ठरावीक वेळांत. मधल्या काळात फोर्ट, परळ, अंधेरीतल्या कचेऱ्यांमधले संगणक कितीतरी जणांनी घरातल्या टेबलावरून चालवले. रोजचे तीन तास वाचले. त्याच काळात उलट दिशेची वाटही रुळली. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात अडकलेली मुलं आईवडिलांचा घरातला संगणक चालवू लागली.

वैद्यकीयदृष्ट्या ही वाट उपयोगाची आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे अहवाल वेळेवर वाचले जातात, औषधांची मागणी नोंदवली जाते, डॉक्टरांची व्हिडिओ भेट ठरते. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू झाली, तरी त्यातल्या पायऱ्या सत्तरीतल्या माणसाला गोंधळात पाडू शकतात. अशा वेळी मुलाचा हात कामी येतो. आणि दर आठवड्याला वडिलांना काम करताना पाहणाऱ्या मुलाच्या लक्षात आणखी एक गोष्ट येऊ शकते. गेल्या महिन्यात जे बाबा सहज करत होते, ते आता दोनदा सांगावं लागतंय. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते.

पलंगापाशी उभा असलेला माणूस

लांबचा हात किती नाजूक काम करू शकतो, याचं उदाहरण शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि ६८ वर्षांची रुग्ण फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात होती. यंत्रमानवाच्या साह्याने त्यांनी तिचं पित्ताशय काढलं. इशारा जाऊन त्याचं चित्र परत यायला सुमारे १५५ मिलिसेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाइतकाच वेळ. ही शस्त्रक्रिया 'लिंडबर्ग' या नावाने ओळखली जाते.

पण तिथे दोन गोष्टी होत्या. रुग्णाला माहीत होतं की आपल्यावर कोण शस्त्रक्रिया करतंय, कशासाठी करतंय, आणि तिची संमती होती. आणि स्ट्रासबर्गमध्ये तिच्या पलंगापाशी शल्यचिकित्सकांची दुसरी तुकडी तयार उभी होती. काही बिघडलं असतं तर लांबचा हात बाजूला करून जवळच्या हातांनी काम हाती घेतलं असतं.

घरातल्या संगणकालाही हाच नियम लागू होतो. संमती समजून दिलेली हवी आणि जवळ कोणीतरी हवं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता या दोन्ही गोष्टी नसतात.

त्या दहा मिनिटांत शरीरात काय होतं

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप स्वतः चोर नव्हतं. चोर त्याचा वापर करत होते. वीज तोडण्याचे खोटे संदेश महाराष्ट्रात सर्रास फिरू लागले, तेव्हा वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवले जात नाहीत, असं महावितरणने वारंवार जाहीर केलं. कधी बँकेची केवायसी, कधी पेन्शनचा दाखला, कधी संगणकाच्या पडद्यावर अचानक झळकणारी 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशी पाटी. गोष्ट बदलते, शेवट एकच असतो. पडदा दुसऱ्याच्या हाती जातो. मग फोनवर आलेला ओटीपी विचारावाही लागत नाही, तो समोर दिसतो.

"एवढं पेपरात येतं, तरी शिकलेली माणसं फसतात कशी?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तराचा मोठा भाग शरीरशास्त्रात आहे.

वीज जाणार, खातं बंद होणार, पोलीस येणार, असं ऐकलं की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, समोरचं संकट टळलं पाहिजे यावर. मेंदूचा पुढचा भाग थांबून विचार करतो, चार गोष्टी एका वेळी ध्यानात ठेवतो, विसंगती हेरतो. नेमकं हेच काम भीतीत मंदावतं. बिल भरलेलं असताना वीज का तोडतील, हा साधा प्रश्न शांतपणे बसलेल्या माणसाला पाच सेकंदांत पडेल. घाबरलेल्या माणसाला तो पडतच नाही. फोनवरचा माणूस उसंत देत नाही, "फोन ठेवू नका", "कोणाला सांगू नका" म्हणतो, ते याचसाठी.

वयाचाही भाग असतो. निरोगी म्हातारपणातही मेंदूचा वेग थोडा कमी होतो आणि एका वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवणं जड जातं. अनुभव, शब्दसंपदा, माणसांची पारख बऱ्यापैकी टिकून असते. म्हणून समोरासमोर बसलेल्या ठगाला आजोबा ओळखतीलही. पण फोनवर बोलताना, पडद्यावर बघताना, आकडे वाचताना आणि बटणं दाबताना तीच बुद्धी थकते. त्यात ऐकू कमी येत असेल तर शब्द समजून घेण्यातच अर्धी शक्ती जाते. तपासायला उरतं काय?

आणि एक कारण प्रेमाचं आहे. रविवारी मुलगा "बाबा, हात काढा, मी करतो" म्हणतो. वर्षभरात ही सवय लागते की नंबर वाचायचा, परवानगी द्यायची आणि हात काढून बघत बसायचं. चोराला वेगळं काही शिकवावं लागत नाही. घरात झालेली तालीम त्याच्या उपयोगी पडते.

पहिला तास

पक्षाघाताच्या रुग्णाची गोष्ट सरकारी रुग्णालयात वारंवार घडते. रात्री नऊला हातातली वाटी पडली, तोंड वाकडं झालं. "झोपल्यावर बरं वाटेल" म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रुग्ण सकाळी आठला येतो आणि उपाय हाताशी असून देता येत नाही.

पैशांच्या फसवणुकीतही असाच एक सुरुवातीचा काळ असतो. पोलिसांनी त्याला वैद्यकातलाच शब्द दिला आहे, 'गोल्डन अवर'. खात्यातून गेलेली रक्कम आधी दुसऱ्या खात्यात जाते, तिथून तिसऱ्या, चौथ्या, मग कुठेतरी रोख काढली जाते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि वाटेत असलेली रक्कम गोठवता येते. रक्कम वाटेत असेपर्यंतच हे शक्य असतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधारही हाच आहे. ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर येतो. कळवण्याआधीचा ग्राहकावर राहतो.

मग उशीर का होतो? पक्षाघातात लोक लक्षणं ओळखत नाहीत म्हणून थांबतात. इथे माणसाला कळलेलं असतं. तो थांबतो शरमेने. चाळीस वर्षं कचेरीत हिशेब सांभाळलेला माणूस बायकोला कसं सांगणार की आपण स्वतः नंबर वाचून दिला? मुलाला कळलं तर तो काय म्हणेल? "संध्याकाळी सांगू", "आधी बँकेत जाऊन बघू", असं करत दुपार जाते. कधी आठवडा जातो. चोराला हा वेळ पुरेसा असतो.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. घरातल्या ज्येष्ठाने काही घडल्यावर पाच मिनिटांत सांगावं असं वाटत असेल, तर सांगितल्यावर ओरडा बसणार नाही याची खात्री त्याला आधीच, काही घडण्यापूर्वी, मिळालेली असली पाहिजे. "बाबा, असं कोणाचंही होऊ शकतं. झालं तर आधी मला फोन करा, रात्री तीन वाजता असला तरी," हे वाक्य त्या घरातलं प्रथमोपचाराचं साहित्य आहे.

प्रत्यक्ष वेळ आली तर क्रम असा ठेवावा.

पहिलं, ताबा तोडावा. राउटरचं बटण बंद करावं. मोबाइलवर घडत असेल तर तो विमान मोडवर टाकावा. नुसता पडदा बंद करून उपयोग नाही, मागे काम चालूच राहतं.

दुसरं, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन करावा. शेजाऱ्याचा फोन चालेल. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, इंटरनेटवर शोधू नये. शोधात खोटे क्रमांकही सापडतात.

तिसरं, पुरावा ठेवावा. आलेले संदेश, फोन क्रमांक, व्यवहाराचे तपशील पुसू नयेत. ऑनलाइन तक्रार गृह मंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते.

चौथं, पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या संगणकावरून. ज्या यंत्राचा ताबा गेला होता, ते जाणकाराने तपासून, अ‍ॅप काढून दिल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नये.

पाचवं, माणसाकडे बघावं. हे बहुतेक घरांत राहून जातं.

पैशांनंतरची प्रकृती

एवढा धक्का बसल्यावर रक्तदाब, साखर बिघडणं अनपेक्षित नाही. छातीत दुखणं, धाप लागणं, घाम फुटणं, एका बाजूची शक्ती जाणं, असं काही झालं तर तक्रार-अर्ज बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावं. पुढच्या दिवसांत झोप उडते, भूक मंदावते. काही जण औषधं घेणं सोडून देतात, "आता कशाला खर्च" म्हणून. फोन वाजला तरी दचकतात. कट्ट्यावर जाणं बंद होतं, कारण तिथे कोणी विचारेल.

दोन आठवड्यांहून अधिक काळ असं चाललं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. "मी ओझं झालोय", "जगून काय करायचं" असे शब्द तोंडून निघाले तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्या माणसाला एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावं. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

घरच्यांच्या बोलण्याचा परिणाम औषधाइतका असतो. "किती वेळा सांगितलं होतं" हे वाक्य खरं असेलही, पण त्याने पैसे परत येत नाहीत. पुढच्या वेळी सांगायचं नाही, एवढंच समोरचा माणूस त्यातून शिकतो. काही घरांत रागाच्या भरात पासबुक, कार्ड, फोन सगळं काढून घेतलं जातं. पैसे चोराने नेले, निर्णय घ्यायचा हक्क घरच्यांनी नेला, असं त्या माणसाला वाटतं. त्यापेक्षा मोठ्या ठेवी वेगळ्या खात्यात, रोजच्या खात्यात थोडी रक्कम, व्यवहारांवर मर्यादा, अशी व्यवस्था त्याच्याशी बसून करावी.

एक शंका मात्र झटकू नये. एकदा फसवणूक झाली म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, असं मुळीच नाही. चाळिशीतले अभियंतेही फसतात. पण पैशांच्या व्यवहारात नव्याने होणाऱ्या चुका हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असू शकतं. एकच बिल दोनदा भरणं, सुट्टे पैसे मोजताना अडखळणं, आधी सहज येणारा अर्ज आता न समजणं, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा पैसे देणं, हे काही महिन्यांपासून दिसत असेल तर तपासणी करून घ्यावी. रविवारी पडद्यावर मुलाला जे दिसतं, ते इथे उपयोगी पडतं. तपासणीत कधी सुधारता येणारी कारणंही सापडतात. ब जीवनसत्त्वातलं बारा कमी असणं, थायरॉइड मंद असणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य, किंवा कानात मळ साचून ऐकू न येणं. कान साफ झाल्यावर 'विसराळू' आजोबा पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागल्याचा अनुभव कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नवा नाही.

रविवारची नीट मांडणी

घाबरून संगणक गुंडाळून ठेवण्याची गरज नाही. वाट सुरक्षित करणं फार कठीण नाही.

घरातल्या संगणकावर लांबून काम करण्यासाठी एकच सॉफ्टवेअर ठेवावं, ते कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावं आणि वेळोवेळी अद्ययावत करावं. विंडोजच्या आतलं रिमोट डेस्कटॉप वापरायचं असेल तर घरातल्या संगणकावर 'प्रो' आवृत्ती लागते, 'होम' आवृत्तीत बाहेरून ताबा घेता येत नाही. राउटरमधून त्याचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये. त्याचं ठरलेलं दार ३३८९ क्रमांकाचं असतं आणि जगभरचे चोर यंत्रं लावून असं उघडं दार सतत शोधत असतात. एकदा आत शिरले की फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतात.

कोणी समोर नसतानाही ताबा घेता यावा अशी सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. वडील गावी गेले, घरातल्या संगणकावरची एखादी फाइल हवी आहे, अशा वेळी ती उपयोगाची आहे. पण ती ठेवायची तर पासवर्ड लांब आणि वेगळा हवा, शिवाय फोनवर येणाऱ्या दुसऱ्या संकेताची अट हवी, आणि ताबा घेण्याचा हक्क फक्त मुलाच्या खात्याला हवा. दुसरा कोणी नंबर विचारून आत येऊच शकणार नाही, अशी तजवीज सेटिंगमध्ये करता येते. आणखी एक, संगणक झोपेत गेला किंवा वीज गेली तर हा लांबचा हात चालत नाही. म्हणून तातडीच्या वैद्यकीय गोष्टी, म्हणजे औषधांची यादी, रक्तगट, अ‍ॅलर्जी, जुने अहवाल, कागदावरही एका फाइलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असाव्यात. रुग्णवाहिका दारात आल्यावर पासवर्ड आठवत बसायला वेळ नसतो.

आईवडिलांच्या खासगीपणाचाही विचार हवा. घरातला संगणक त्यांचा आहे. न सांगता आत शिरणं म्हणजे न विचारता कपाट उघडणं. आत येण्याआधी मुलाने फोन करावा, काम झाल्यावर सांगून निघावं. शक्य तिथे बाण वडिलांच्याच हाती राहू द्यावा. "बाबा, वर उजवीकडे निळं बटण आहे, ते दाबा," असं सांगायला दहा मिनिटं जास्त लागतील. पण जे हात स्वतः बटण दाबतात, त्यांना आपण काय दाबतोय हे कळतं. नुसती हात काढायची सवय लागलेल्याला ते कळत नाही.

आणि शेवटी एक नियम, जो सत्तरीतल्या माणसालाही भीतीच्या भरात आठवेल एवढा लहान हवा. ओटीपी, नंबर, परवानगी, पडदा यांची यादी त्या दहा मिनिटांत कोणाच्याही डोक्यात राहत नाही. एकच प्रश्न राहतो, फोन कोणी केला? समोरून आलेल्या फोनवर पडदा कोणालाही द्यायचा नाही. बँक असो, वीज कंपनी असो, पोलीस असोत. मुलाचा फोन आला, तरी आवाजावर भरवसा न ठेवता फोन ठेवायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरवर त्याला आपण लावायचा. खरा मुलगा यावर रागावणार नाही.

मंगळवारचा फोन त्या घरात पुन्हा कधीतरी येईलच. संगणकाच्या पडद्याखाली एक कागद चिकटवलेला असावा, आईच्या अक्षरात लिहिलेला: 'आधी फोन ठेवा. मग पोराला लावा.' त्याखाली मोठ्या आकड्यांत १९३०.